घोडे किती?

मालक : सात म्हंजे सात. सहा चालणार नाई, आठ चालणार नाई. अन् पांढरेच पायजेत.

पेंटर : दक्षिणेच्या पांढऱ्या भिंतीवर पांढरे घोडे?

मालक : मागं सूर्य काढ ना. उगवता. मावळता नको, धंदा बसते.

पेंटर : भाऊ, चित्रातला सूर्य उगवून राहिला का मावळून राहिला, हे खुद्द सूर्यालेही सांगता येणार नाई.

मालक : तुले सांगता आलं पायजे, त्याचेच पैसे आहेत. अन् लगाम नको कोणालेच. लगाम असला की प्रगती अडते, वास्तुवाल्यानं साफ सांगतलं.

पेंटर : सात घोडे, बिनलगामाचे, अन् समोर तुझा काचेचा टीपॉय.

वहिनी : पाहा ना भाऊजी! मी हेच म्हणून राहिली. अन् तोंड कोणीकडं करायचं यावरून घरात रोज महाभारत.

मालक : तोंड घराच्या आत. बाहेर केलं की लक्ष्मी त्यांच्यासंगं बाहेर.

पेंटर : आत केलं तर सैपाकघरात जाईन. तिथून?

मालक : तिथून कुठी जाईन?

पेंटर : मागच्या दारातून कन्हानवर, पाणी प्यायले. घोडा आहे तो, फिक्स डिपॉझिट नाई.

पोरगा : बाबा, घोडे आता कोणी लावत नाही. पुण्यात माझ्या सगळ्या मित्रांकडे बिंदू आहे. चित्रकार रझांचा. मी ग्रुपवर फोटो टाकला होता.

मालक : तो काळा गोल? मले वाटलं मोबाईल बिघडला.

वहिनी : मले तवा वाटला.

मालक : त्यात घोडे किती?

पोरगा : घोडे नाहीत. बिंदू आहे.

मालक : शून्य घोडे. बरं, अन् भाव?

पोरगा : प्रिंट स्वस्त मिळते. मूळ चित्रं विचारू नका. 'जेस्टेशन' नावाचं एक २०२३ मध्ये मुंबईच्या लिलावात ५१ कोटी ७५ लाखांना गेलं.

मालक : गोल?!

पेंटर : त्रिकोणही आहेत त्यात. भाऊ, बस खाली. तो माणूस काही परका नोहे. मंडल्याकडचा, बाप जंगलखात्यात. शाळेत लक्ष लागेना, तं मास्तरानं भिंतीवर एक ठिपका काढला अन् म्हणे, बस याच्याकडं पाहत. पुढं १९३९ ते ४३ आपल्या नागपूरच्याच आर्ट स्कूलले होता. मग मुंबई, मग ५० साली फ्रान्स. तिथले गावं, चर्च, झाडं रंगवता रंगवता पंचवीस-तीस वर्षं गेले, तवा कुठी तो मास्तरचा ठिपका वर आला.

मालक : आम्हालेही मास्तर भिंतीकडं तोंड करून उभं करत होते. आम्हाले नाई कोणी कोटी देल्ले.

पेंटर : तू भिंतीकडं कुठी पाहत होता? तू घंटीची वाट पाहत होता.

मालक : अन् तू?

पेंटर : मी पोपडे पाहत होतो. एक पोपडा बरोबर हेडमास्तरसारखा होता.

पोरगा : म्हणजे काका, तुम्हाला बिंदू आवडतो ना? मग सांगा ना बाबांना.

पेंटर : मले आवडते. तुले आवडते का, ते सांग.

पोरगा : आवडतो म्हणजे... छान दिसतो. मिनिमल. सोफ्याला जातो.

पेंटर : हे पाय! याचे घोडे सोफ्याले जातात, बापाचे दक्षिणेले. फरक काय?

मालक : माझे धावतात.

पेंटर : बरं, मले एक सांग. तुझ्या मोठ्या भावाच्या घरी लागले आहेत ना हे सात घोडे? केव्हापासून?

मालक : घर बांधलं तवापासून. झाले की वर्षानुवर्षं.

पेंटर : दर रविवारी जाते तू तिथं. डोळे मिट. तिसऱ्या घोड्याची मान कोणीकडं आहे?

मालक : समोर.

पेंटर : पाय पाण्यात आहेत का मातीत?

मालक : पाण्यात. नाई, मातीत. ढगात असतीन बे, मले काय माहीत?

पेंटर : शेवटच्याचा डोळा दिसते का?

मालक : अरे, चित्र काय पाहासाठी लावतात का? लावासाठी लावतात!

वहिनी : झालं. आता हे वाक्य त्या घोड्यांखाली लिहून टाका भाऊजी, चांगल्या अक्षरात.

पेंटर : अन् काढले कोणी, ते तरी ठाऊक आहे का? दाताच्या दवाखान्यात हेच सात, बिल्डरच्या हापिसात हेच सात, बारशाच्या हॉलमध्ये हेच सात. अख्खा महाराष्ट्र तुडवून राहिले, अन् यायचा बाप कोण हे एकाही माणसानं विचारलं नाई.

मालक : कोण रायणार? चायनावाला.

पेंटर : मग घोडेच पायजेत तं हुसेनचे घे ना. त्यानं जन्मभर घोडे काढले.

मालक : तो वादवाला?

पेंटर : वाद माणसायचा, घोड्यायले कायले मधात घेतं? पंढरपुरात जन्मला, १९१५ साली. मुंबईले सिनेमाचे बोर्ड रंगवत होता. माझ्यासारखा परांचीवर उभा राहून, भाऊ! नट्यायचे गाल रंगवत. एवढ्या मोठ्या गालाजवळ उभं राहिलं की गाल दिसत नाई, नुसता गुलाबी रंग दिसते. खाली उतरून, रस्ता ओलांडून पाहा लागते की गालच झाला का पपई. ती नजर त्याले फुकटात भेटली. माझ्या गालायच्या पपया झाल्या, ते सोड.

मालक : पण त्याचे घोडे कसे असतात?

पोरगा : हे बघा, मोबाईलवर.

मालक : हॅट्! याचे पाय मोजून पाय. एक, दोन... हा पाचवा कोणाचा? अन् दात काहून काढले त्यानं?

पेंटर : मान पाय त्याची. अंग पुढं पळते अन् मान मागं वळली. नाकपुड्या पाय. तो भेलाय. कशाले भेला, ते चित्रात कुठीच नाई. म्हणून पाहणारा आपणच मागं वळून पाहते, की बा, आपल्या मागं काय आहे.

वहिनी : खरंच बाई. मी आत्ता दाराकडं पाहिलं.

मालक : भेलेले घोडे हॉलमध्ये? पाहुणे काय म्हणतीन? वसुलीवाले येतात का म्हणतीन.

पोरगा : बाबा, हुसेन १९५२ मध्ये चीनला गेले होते. तिथल्या चित्रकारांचे घोडे पाहून आले, असं म्हणतात.

मालक : पाय! शेवटी चायनाचेच! मग वास्तुवाल्याचेच घेतो ना, ते बिचारे भेलेले तं नाई.

पेंटर : पण भाव ऐक. त्याचं एक लांबलचक चित्र, 'ग्राम यात्रा', तेरा-चौदा फूट. बाया दळून राहिल्या, बैलगाडी चालली, लेकरं खेळून राहिले, असं सारं खेड्यातलं. ५४ साली एका डॉक्टरनं घेतलं अन् नॉर्वेले नेलं. तिथं एका दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये टांगून होतं. कितीक लोकं त्याच्यासमोरून रिपोर्ट घेऊन गेले असतीन. २०२५ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कले विकलं. ११८ कोटी.

मालक : कॉरिडॉरच्या कोणत्या भिंतीवर होतं?

पेंटर : काय?

मालक : दक्षिणेच्या का पूर्वेच्या? ११८ कोटी उगाच नाई येत. दिशा बरोबर असणार.

पेंटर : वहिनी, पाणी द्या.

वहिनी : देते. पण भाऊजी, मले कोणी विचारतच नाई. माझ्या आईच्या घरी एक कॅलेंडर होतं. वर्ष संपलं तरी आईनं तारखा कापून चित्र ठेवलं. समई घेतलेली बाई. एका हातात समई, दुसऱ्या हातानं ज्योत झाकलेली. रविवर्म्याचं.

पेंटर : वहिनी, ते रविवर्म्याचं नाई.

वहिनी : खाली लिहिलं होतं!

पेंटर : कॅलेंडरवाल्यानं लिहिलं असन. रविवर्मा १९०६ साली वारले. ज्या पोरीनं ती समई धरली, ती तवा जन्मलीसुद्धा नव्हती. ते चित्र सावळाराम हळदणकरायचं. सावंतवाडीचा माणूस. ती त्यायची स्वतःची लेक, गीता. २०१८ ला वारली, १०२ वर्षांची होऊन. चित्र म्हैसूरले आहे, जगनमोहन पॅलेसमध्ये. अंधाऱ्या खोलीत ठेवलंय. लोकं तिथंही रविवर्मा-रविवर्मा म्हणतच आत जातात.

मालक : लेकीनं शंभर वर्षं काढली अन् बापाचं नाव लागलं नाई? कोर्टात जायले पायजे होतं.

वहिनी : तुम्ही गप्प बसा. मले त्या चित्राचं सारं आठवते. तोंडावर खालून उजेड, गळ्याजवळ थोडा, अन् बोटं... बोटं लाल.

पेंटर : तेच! हळदणकरायनं सारं काम तिथंच केलं. पोरा, तुझ्या मोबाईलचा टॉर्च लाव. लाइट बंद कर. वहिनी, हात धरा त्याच्यासमोर, समईवर धरते तसा. बोटं मिटून. आता पाहा मधात.

वहिनी : अगं माय! लाल झाले. कडेनं केशरी, अन् मधात गडद.

पेंटर : रोज देवाजवळ दिवा लावता तुम्ही, वारा आला की हात धरता. हे कधी पाहिलं होतं?

वहिनी : चित्रात पाहिलं होतं. हातात आज पाहिलं.

पेंटर : अन् ते तेलरंगात नाई, जलरंगात आहे. जलरंगात उजेड रंगवत नाईत, सोडतात. पांढरा कागद जिथं तसाच ठेवला तिथं उजेड. एकदा ब्रश चुकून फिरला की गेला दिवा, परत नाई पेटत. तो माणूस त्या ज्योतीच्या भोवती भोवती फिरला असन, वाराच झाकून राहिल्यासारखा.

मालक : लाइट लाव बे. बिल मी भरतो म्हणून अंधारात बसवून ठेवलं का? मले सांग, त्यात घोडे किती?

वहिनी : तुम्हाले समईवरही घोडे पायजेत?

मालक : मी दक्षिण भिंतीसाठी विचारून राहिलो. बाईचं तोंड दक्षिणेले चालते का, ते फोन करून पाहा लागन.

पोरगा : बाबा, नागपूरचेच एक आहेत, गायतोंडे. १९२४ मध्ये नागपुरात जन्मले. त्यांच्या चित्रात काहीच नसतं, त्यामुळे वास्तूचा प्रश्नच येणार नाही.

मालक : काहीच नसते? मग विकते काय?

पोरगा : २०२१ मध्ये एक ३९ कोटी ९८ लाखांना गेलं. न्यूयॉर्कच्या गुगनहाइममध्ये २०१४ साली त्यांचं अख्खं प्रदर्शन झालं. आयुष्यभर कोणाला फार भेटले नाहीत. दिल्लीत निजामुद्दीनला गच्चीवरच्या छोट्या जागेत राहायचे. वर्षाला पाच-सहा चित्रं, बस.

पेंटर : अन् ब्रश बाजूले ठेवून रोलर घेतला त्यानं. रोलरनं रंग चढवायचा, पट्टीनं काढायचा, परत चढवायचा.

मालक : रोलर? भिंतीले मारतो तो रोलर? तुझ्याजवळ आहे तो?

पेंटर : तसाच.

मालक : मग मार ना बाप्पा! कायले सात घोड्यायच्या मागं लागला? मार दक्षिणेले रोलर, अर्धे तुझे अर्धे माझे!

पेंटर : मारला की दोन वर्षांमागं. तुझ्या मागच्या भिंतीले ओल आली, हिरवट-पिवळसर, खाली काळपट. एकदम गायतोंडे. न्यूयॉर्कले फोन कर.

वहिनी : ती ओल बुजवा आधी. कपाटातले कपडे वास मारून राहिले.

मालक : मजाक सोड. त्यात पाहायचं काय, ते सांग.

पेंटर : पाहायले काही नाई, म्हणूनच पाहत राहा लागते. हुसेनचा घोडा लगेच सांगते, मी घोडा. हे चित्र काही सांगत नाई. उभं राहिलं की पयले कंटाळा येते, मग राग येते, की बा फसवलं आपल्याले. तरी उभं राहिलं की रंगाच्या खालून दुसरा रंग वर याले लागते. मी काही मूळ चित्र पाहिलं नाई. पुस्तकातलं पाहिलं, तेही छापखान्यानं बिघडवलेलं. तरी चहा थंडा झाला होता.

मालक : चहा थंडा होणं हे काही माप नोहे.

पेंटर : मले दुसरं माप ठाऊक नाई. ज्याच्यासमोर चहा थंडा होते तो माझा चित्रकार.

पोरगा : काका, हे बघा, झालं! मी आपल्या घराचा फोटो एआयमध्ये टाकला आणि सात घोडे सांगितले. जिब्ली स्टाइल. तीस सेकंदांत. बाबाही आहेत त्यात.

मालक : दाखव! वा! हा मी? केस आले की मले!

वहिनी : मी कुठी आहे?

पोरगा : तू... तू ती मागे. झाडासारखी दिसतेस ती.

मालक : घोडे मोज. एक, दोन... सहा. अन् हे अर्धं काय आहे?

पोरगा : ते सोफ्यात मिसळलंय. परत सांगतो त्याला. किंवा असंच वॉलपेपर काढू, नागपूरहून संध्याकाळपर्यंत येईल.

पेंटर : ज्या माणसाची ही स्टाइल, तो काय करते रे, तुले ठाऊक आहे?

पोरगा : मियाझाकी? हाताने काढतात ते लोक. एका सिनेमात भूकंपानंतरची गर्दी आहे, चार सेकंदांची. ती करायला एका माणसाला सव्वा वर्ष लागलं. मी डॉक्युमेंटरी पाहिली आहे.

पेंटर : चार सेकंदाले सव्वा वर्ष. अन् तू सव्वा वर्षाचे तीस सेकंद केले.

पोरगा : काका, चिडू नका. जमाना बदलतो.

पेंटर : बदलते ना! मले नको सांगू. एसटी स्टँडसमोरची अख्खी भिंत माझी होती. बियाणं, दंतमंजन, सर्कस. निवडणुकीत चार महिने झोप नाई. एका रात्री फ्लेक्स आला. आता वाढदिवसाले जो तो फ्लेक्सवर, अन् सारे गोरे! आपल्या खाप्यात एवढे गोरे लोक कुठून आले? कातडीचा रंग कालवायले मले जन्म लागला. मातकट, त्यात थोडा हिरवा, थोडा लाल. हिरव्याशिवाय माणूस जित्ता दिसत नाई. मशीनीले कोणी सांगतलं का हिरवं?

मालक : हं, आता आलं बाहेर! तुझं पोट दुखून राहिलं. म्हणून माझे घोडे वाईट, अन् नॉर्वेचा दवाखाना चांगला.

पेंटर : पोट आहे तं दुखन. तुझे घोडे वाईट नाईत. तू त्यायच्याकडं पाहणार नाई, हे वाईट आहे.

मालक : नाई पाहणार! तुले काय करायचं? पाहून पोट भरते का? माझा बाप मागावर बसत होता. करवती काठ काढत होता. काठाचा धोटा वेगळा, अंगाचा वेगळा. खाप्याच्या बाजारात लोकं थांबून पाहत होते, वा-वा करत होते अन् भाव पाडून नेत होते. थांबणाऱ्यानं एक रुपया जास्त देल्ला नाई. माग गेला, बापाची छाती गेली. मले तो खोकला ठाऊक आहे. काठबिठ काही आठवत नाई मले. म्हणून मले धावणारे घोडे पायजेत, थांबणारे लोक नको!

वहिनी : अहो, आवाज.

पेंटर : मले आठवते काठ.

मालक : असन.

पेंटर : तुझ्या आईचं लुगडं ओट्यावर वाळत राहे. मी पयल्यांदा सरळ रेघ मारायले शिकलो ते तो काठ पाहून. लाल करवत, बारीक दात. पदराजवळ एक दात चुकला होता.

मालक : चुकला नव्हता.

पेंटर : चुकला होता भाऊ. बाकीच्यांपेक्षा काळपट.

मालक : अरे, चुकला नव्हता! लाल सूत संपलं होतं, बाजार मंगळवारी, अन् गिऱ्हाईक सोमवारी येणार. तं जुन्या लच्छीतलं घेतलं. रंग जुना होता, दात बरोबर होता. एक नाई, दोन दात. दुसरा थोडा खाली, दुमडीत. माझा बाप काठात चुकत नव्हता!

पेंटर : तुले तं काही आठवत नाई.

मालक : ... विषय घोड्यायचा आहे.

वहिनी : चहा टाकते.

मालक : टाक. अन् पेंटर, तू सांग, काढतो का नाई?

पेंटर : काढतो. एक.

मालक : एक काय?

पेंटर : घोडा.

मालक : अन् बाकीचे सहा?

पेंटर : मागून येऊन राहिले. धूळ दाखवतो.

मालक : वास्तुवाल्याले काय सांगू?

पेंटर : हा पुढं निघून गेला म्हणा. प्रगती.

मालक : मग पैसे सातवा हिस्सा.

पेंटर : उलट जास्त. सातात एखादा बिघडला तं बाकीच्यायच्या मागं लपते. एकट्याले लपायले जागा नाई.

मालक : अन् धुळीचे वेगळे लावशीन!

पेंटर : धुळीचेच तं सांगून राहिलो. घोडा फुकट घे.

पोरगा : बाबा, फोन. वास्तुवाले आहेत.

मालक : दे इकडं. हाव जी... हाव, काम सुरू करून राहिलो... दक्षिणच... सात म्हंजे, सातच आहेत, पण एक दिसते... नाई, नाई, गेले नाई, येऊन राहिले... धुळीत आहेत जी... लगाम? एकालेही नाई. बाकीच्यायचा दिसतच नाई... काय म्हणता? थांबा, इचारतो. पेंटर, धुळीचं तोंड कोणीकडं रायते?